पुढची पाटी कोणाच्या नावाची? ब्रिटनमधल्या मराठी मंडळांना खुले पत्र

प्रति,
ब्रिटनमधल्या सर्व मराठी मंडळांचे पदाधिकारी आणि सभासद

सप्रेम नमस्कार.

उत्तर इंग्लंडमधल्या ज्या खेड्यात मी 24 वर्षांपासून राहते, तिथला एकमेव पब दीड वर्षापासून बंद आहे. खिडक्यांना आतून पुठ्ठे लावले आहेत. दारावरच्या पाटीवर अजून शेवटच्या लँडलॉर्डचं, म्हणजे पब चालवणाऱ्याचं, नाव आहे, पण पाऊस लागून त्यातली दोन अक्षरं पुसट झाली आहेत. इमारत ज्या कंपनीच्या मालकीची आहे तिने ती विक्रीला काढली आणि गावाने ती विकत घ्यायचं ठरवलं. त्यासाठी जी समिती नेमली तिच्यात मी आहे. व्यवहार चालू आहे, म्हणून गावाचं आणि पबचं नाव इथे लिहीत नाही. ज्यांना हवं असेल त्यांना आपापल्या मंडळाकडून ते समजेल.

मला तुमच्याकडून तीन गोष्टी हव्या आहेत. त्या शेवटी मागते. आधी हे घर कसलं आहे ते सांगू द्या, कारण आपल्यातल्या पुष्कळांनी या देशात 20-30 वर्षं काढूनही गावातल्या पबचा उंबरा ओलांडलेला नाही. मीही पहिली दोन वर्षं ओलांडला नव्हता.

ओलांडला तो आईमुळे. ती वाईहून तीन महिन्यांसाठी आली होती. टेकडीवरून फिरून परतताना पावसाने गाठलं. घर अजून मैलभर लांब होतं आणि आईचे कापडी बूट पाण्याने जड झाले होते. पबच्या दारापाशी आडोशाला उभ्या राहिलो, तर आतून तेव्हाच्या लँडलॉर्डनेच दार उघडलं. त्याने आईला शेकोटीजवळच्या खुर्चीत बसवलं, तिचे बूट मागून घेतले, जुन्या वर्तमानपत्राचे बोळे करून एकेका बुटात कोंबले आणि ते शेकोटीपाशी, पण चामडी पट्टी जळणार नाही इतक्या अंतरावर ठेवले. मग चहा आणला. चहा तिथे विकायला नव्हता, तो त्याच्या स्वतःच्या स्वयंपाकघरातला होता. पैसे घेईना. आईला इंग्रजी येत नव्हतं आणि शेजारच्या टेबलावरच्या म्हाताऱ्या मेंढपाळाची बोली मलाही कळत नव्हती. तरी तासभर ती दोघं पावसाबद्दल बोलत बसली, हातवारे करत. परत जाताना आई म्हणाली, "एवढं जवळ होतं आणि तू दोन वर्षं इथं आली नाहीस?"

मी दारू पीत नाही. तेव्हाही पीत नव्हते, आजही नाही. पब म्हटलं की पुण्या-मुंबईकडे कानठळ्या बसवणारं संगीत आणि पहाटेचा पोलिसांचा छापा आठवतो, किंवा मग गुत्ता. पण या शब्दाचा मूळ अर्थच 'पब्लिक हाउस', म्हणजे लोकांसाठी उघडं असलेलं घर. शब्दशः घरच. पूर्वी खेड्यातली एखादी बाई घरी एल नावाची बिअर गाळायची, ती तयार झाली की दाराबाहेर काठीला झुडपाची जुडी बांधायची, आणि शेजारीपाजारी तिच्या स्वयंपाकघरात येऊन बसायचे. गाळणाऱ्या बहुतेक बायकाच असत. त्या स्वयंपाकघराचा पुढे झाला तो पब.

'लँडलॉर्ड' या शब्दानेही आपला घोटाळा होतो. आपल्याला वाटतं तो घरमालक. गावातल्या पबचा लँडलॉर्ड बहुतेक वेळा स्वतःच भाडेकरू असतो, आधी जहागीरदाराचा, नंतर दारूभट्टीवाल्या कंपनीचा. बाई असेल तर लँडलेडी. त्यांना लँडलॉर्ड म्हणतात ते यजमान या अर्थाने. दार त्यांचं, शेकोटी त्यांची, आणि आत येणारा प्रत्येक जण त्यांचा पाहुणा. परवाना ज्याच्या नावाचा त्याचं नाव दारावर लिहिलेलं असणं पूर्वी कायद्याने सक्तीचं होतं. 2005 साली नवा परवाना कायदा लागू झाला आणि सक्ती गेली, तरी कित्येक ठिकाणी पाट्या राहिल्या. आमची पाटी समितीने उतरवून पाहिली तेव्हा रंगाखाली रंग निघाला. खालच्या थरात आधीच्या लँडलॉर्डच्या नावाचा उठाव बोटाला लागत होता.

तिथून माझ्या मनाने घेतलं, की या घरात कोण कोण होऊन गेलं ते शोधायचं. समितीने हे काम माझ्यावर टाकलं आणि त्या हिवाळ्यात मी दर बुधवारी जिल्ह्याच्या अभिलेखागारात जाऊन बसले. इंग्लंडमध्ये पब चालवायला परवाना लागतो तो 1552 पासून. सहाव्या एडवर्डच्या काळच्या कायद्याने ठरवलं, की दोन न्यायाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय कोणी एल-हाउस चालवायचं नाही, आणि चालवणाऱ्याने चांगल्या वर्तणुकीचा जामीन द्यायचा. 1753 नंतर या जामीनपत्रांची नोंद ठेवणं जिल्ह्याच्या कारकुनावर बंधनकारक झालं. त्यामुळे त्या सालापासून 1828 च्या नव्या कायद्यापर्यंत, जिथे कागद टिकले आहेत तिथे, गावोगावच्या लँडलॉर्डांची नावं वर्षवार सापडतात. पुढच्या काळासाठी दर दहा वर्षांची जनगणना आणि व्यापाऱ्यांच्या छापील सूची आहेत.

त्या जामीनपत्रांत मला आमच्या पबचं नाव पहिल्यांदा दिसलं. मजकूर ठराविक असायचा. जुगार चालू देणार नाही, रविवारी प्रार्थनेच्या वेळी दारू वाढणार नाही, घरात दंगा होऊ देणार नाही. खाली लँडलॉर्डची सही किंवा फुली, आणि शेजारी जामीनदार शेजाऱ्याची. एका वर्षी नवऱ्याचं नाव आहे आणि पुढच्या वर्षी त्याच आडनावाची बाई, नावापुढे 'विधवा' असा शेरा. तिची सही नाही, फुली आहे. शाईचा मोठा डाग पडलेली, जोर देऊन काढलेली फुली. मी त्या कागदावर बराच वेळ थांबले. विधवेच्या नावावर परवाना होणं ही त्या काळी नवलाची गोष्ट नव्हती. नवरा गेला तरी घर चालवता येईल असे फार थोडे धंदे बाईला मोकळे होते, त्यातला हा एक होता.

खेड्यातला लँडलॉर्ड नुसत्या दारूवर क्वचितच जगायचा. जनगणनेच्या पानांवर 'लँडलॉर्ड आणि लोहार', 'लँडलॉर्ड आणि खाटीक', 'लँडलॉर्ड, 30 एकर जमीन' अशा जोड्या सतत भेटतात. गावात मोठी खोली तेवढीच, म्हणून शेतसाऱ्याचा भरणा तिथे, आजारपणाच्या भिशीची बैठक तिथे, लिलाव तिथे. कोणी बुडून मेला तर प्रेताची चौकशीसुद्धा तिथेच व्हायची. दुसरी सोयीची जागा असताना पबात चौकशी घेऊ नये असं कायद्याने ठरायला 1902 साल उजाडावं लागलं.

या घरांनी माणसंही कशी पाहिली! लेक डिस्ट्रिक्टमधल्या वॉसडेल हेडचा लँडलॉर्ड विल रिट्सन (1808 ते 1890) अजून तिकडे सगळ्यांच्या तोंडी आहे. डोंगर चढायला येणाऱ्यांना तो गंभीर चेहऱ्याने सांगायचा, की आमच्या खोऱ्यातले सलगम एवढाले असतात, की धनगर जेवणासाठी ते आतून खणून नेतात आणि उरलेल्या पोकळीत मेंढरं बांधतात. त्याच्या आठवणीसाठी जवळच्या सँटन ब्रिजच्या पबात दरवर्षी जगातला सर्वांत मोठा थापाड्या निवडतात. राजकारणी आणि वकिलांना त्या स्पर्धेत प्रवेश नाही, कारण त्यांचा सराव फार.

माझ्या मनात मात्र जास्त घर करून आहे ती सुझन पीकॉक. यॉर्कशरच्या उत्तर टोकाला टॅन हिल नावाचा पब आहे, समुद्रसपाटीपासून 528 मीटर, ब्रिटनमध्ये सर्वांत उंचावरचा. आजूबाजूला वस्ती नाही. पूर्वी जवळ कोळशाच्या खाणी होत्या, त्या बंद पडल्यावर उरलं ते माळरान आणि वारा. सुझन तिथे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आली आणि 1937 मध्ये मरेपर्यंत तिने ते घर उघडं ठेवलं. एकटंदुकटं ठिकाण म्हणून तिच्याजवळ पिस्तूल असायचं. त्याच घरात नोव्हेंबर 2021 च्या आर्वेन वादळात 61 माणसं तीन रात्री अडकली. बाहेर दार झाकेल एवढा बर्फ साठला होता, आणि आत लोक जमिनीवर गाद्या टाकून झोपले. वाटेत अडकलेल्या माणसाला आत घेणं हे या घरांचं सर्वांत जुनं काम आहे, माझ्या आईचे बूट वाळवण्याइतकं साधं.

मग अशी घरं बंद का पडतात? लोक पीत नाहीत म्हणून, असं सरसकट सांगितलं जातं. त्यात काही खरं आहे. दुकानातली स्वस्त दारू आहे, 2007 ची धूम्रपानबंदी आहे, कोविड आहे, त्यानंतरची विजेची बिलं आहेत. पण मला जे जवळून दिसलं ते वेगळं आहे, आणि त्याची मुळं जुनी आहेत.

1830 च्या बिअरहाउस कायद्याने घरपट्टी भरणाऱ्या कोणालाही वर्षाला 2 गिनी भरून बिअर विकायची मुभा दिली. आठ वर्षांत अशी 40 हजारांवर घरं उभी राहिली. 1869 साली परवान्यांचा फास पुन्हा आवळला, परवान्याला किंमत आली आणि शतक संपेपर्यंत भट्टीवाल्यांनी धडाधड पब विकत घेतले. अट एकच असायची. लँडलॉर्डने बिअर आमच्याचकडून घ्यायची. याला इथे 'टाय' म्हणतात, म्हणजे बांधिलकी. 1989 मध्ये सरकारने मोठ्या भट्टीवाल्यांच्या या पकडीवर मर्यादा आणली. हेतू चांगला होता. घडलं असं, की भट्टीवाल्यांनी सोडलेले हजारो पब नव्या कंपन्यांनी घेतले. त्या स्वतः काही गाळत नव्हत्या, पण टाय त्यांनी ठेवला. 2016 पासून 500 किंवा त्याहून अधिक बांधील पब असलेल्या कंपन्यांना एक आचारसंहिता लागू आहे आणि ठराविक प्रसंगी लँडलॉर्ड टाय सोडून फक्त बाजारभावाने भाडं देण्याचा पर्याय मागू शकतो. तो मागायला वकील लागतो, वेळ लागतो आणि उमेद लागते. आमच्या लँडलॉर्डकडे शेवटी तिन्ही नव्हतं.

बंद करण्याआधी काही दिवस त्याने मला तळघरात नेलं. तळघर तो देवघरासारखं ठेवायचा. लाकडी घोडीवर फर्किन नावाची पिंपं आडवी ठेवलेली, एकात 9 गॅलन, म्हणजे 72 पाइंट. ही बिअर पिंपात येते तेव्हा जिवंत असते, आत अजून आंबत असते. वरच्या बुचात मऊ लाकडाची खुंटी ठोकायची, तिच्यातून फेस येऊ द्यायचा, तो थांबला की कठीण लाकडाची खुंटी बसवायची, गाळ खाली बसेपर्यंत पिंपाला धक्का लावायचा नाही आणि एकदा उघडलं की दोन-तीन दिवसांत संपवायचं. नाहीतर आंबट. हे सगळं त्याने मला खुंट्या हातात देऊन दाखवलं. मग भिंतीवरच्या खिळ्याला अडकवलेली दोन कागदं काढली. एकाच फर्किनचे दोन भाव होते, एक गावाबाहेरचा छोटा भट्टीवाला देऊ करत होता तो, आणि दुसरा कंपनीकडून घ्यावा लागत होता तो. भाडं वेगळंच. तो म्हणाला, "मी 16 वर्षं गावाला पाजतोय असं मला वाटत होतं." पुढे बोलला नाही. पिंपाच्या तोटीखालचा थेंब त्याने फडक्याने पुसला आणि दिवा मालवला.

आता एक अवघड गोष्ट, जी आपल्यात मोकळेपणाने बोलली जात नाही. आपली आधीची पिढी पबात गेली नाही ती फक्त संस्कारांमुळे नाही. त्यांना आत घेत नव्हते. बर्मिंगहॅमजवळच्या स्मेदिकमध्ये 1960 च्या दशकात काही पबांत आशियाई आणि काळ्या माणसांना ठराविक खोलीत बसू देत नसत. इंडियन वर्कर्स असोसिएशनचे अवतारसिंग जौहल यांनी 12 फेब्रुवारी 1965 रोजी अमेरिकेतले कृष्णवर्णीय नेते माल्कम एक्स यांना तिथल्या ब्लू गेट्स पबात नेलं, तिथेही हाच भेद होता. नऊ दिवसांनी न्यूयॉर्कमध्ये माल्कम यांची हत्या झाली. त्याच वर्षीच्या वंशसंबंध कायद्याने पबातला हा भेद बेकायदा ठरला. कायदा झाला म्हणून दुसऱ्या दिवशी दारं उघडली नाहीत. पण पुढे त्याच भागातले पडीक पब पंजाबी लँडलॉर्डांनी घेतले, आणि ते आज 'देसी पब' म्हणून जोरात चालतात. जिथे बसू देत नव्हते त्या खोलीचे यजमान आपले लोक झाले. पब हे 'त्यांचं' घर आहे असं आपल्या मंडळांच्या बैठकांत कोणी म्हणालं, की मला जौहल आठवतात. हे घर आपल्यासाठी उघडावं म्हणून माणसांनी अपमान सोसले आहेत. ते उघडल्यावर आपण बाहेरच उभं राहावं, हे मला पटत नाही.

गाव पब विकत घेऊ शकतं का, असा प्रश्न मला मंडळातल्याच एका स्नेह्याने विचारला. घेऊ शकतं. कंब्रियातल्या हेस्केट न्यूमार्केटच्या लोकांनी 1999 मध्ये पबामागची छोटी भट्टी सहकारी तत्त्वावर घेतली, आणि 2003 मध्ये तिथला ओल्ड क्राउन हा पबच घेतला. सहकारी मालकीचा ब्रिटनमधला पहिला पब म्हणून तो ओळखला जातो. यॉर्कशरमधल्या हडस्वेलचा जॉर्ज अँड ड्रॅगन 2008 मध्ये बंद पडला. काही शे वस्तीच्या त्या गावाने 2010 मध्ये तो विकत घेतला, त्यातच वाचनालय आणि छोटं दुकान थाटलं, आणि 2016 चा देशातला सर्वोत्तम पब म्हणून कॅमरा या बिअरप्रेमींच्या संघटनेने त्याचा गौरव केला. आपल्याला यात नवीन काय आहे? रॉचडेलच्या विणकरांनी 1844 मध्ये सहकाराची सुरुवात केली ती याच उत्तर इंग्लंडात, आणि विठ्ठलराव विखे पाटील व धनंजयराव गाडगीळांनी प्रवरेकाठी शेतकऱ्यांचा कारखाना उभा केला तो त्याच विचारातून. शेअर कशाला म्हणतात आणि सर्वसाधारण सभेत हात वर कसा करायचा, हे आपल्या घराघरांत माहीत आहे.

आमचा पब 2011 च्या लोकॅलिझम कायद्याखाली गावाची मत्ता म्हणून नोंदलेला आहे. म्हणून मालकाला तो विकायचा झाला तर गावाला पैसे जमवायला सहा महिने मिळतात. त्यातले दोन संपले. सहा महिन्यांनंतरही मालकाने आम्हालाच विकावं अशी सक्ती नाही, हेही सांगून ठेवते. घर बांधणाऱ्या एका बिल्डरने चौकशी केल्याचं कानावर आलं आहे. 2017 पासून पबचं दुसरं काही करायला किंवा तो पाडायला रीतसर परवानगी लागते, पण इमारत चार-पाच वर्षं रिकामी ठेवून कुजवली तर परवानगी मागणं सोपं जातं.

तेव्हा माझं मागणं. पहिलं, पब विकत घेण्यासाठीच्या आमच्या सहकारी संस्थेचे भाग, म्हणजे शेअर, घ्या. एक सभासद, एक मत, मग भाग एक असो की पन्नास. हे भाग बाजारात विकता येत नाहीत, व्याजाची खात्री नाही आणि संस्था बुडाली तर पैसे जातील. म्हणून गेले तरी घर अडणार नाही एवढेच घाला. दुसरं, मंडळांनी आपला एखादा कार्यक्रम खेड्यातल्या चालू पबात ठेवावा. आमचा उघडेपर्यंत तुमच्या जवळच्या कुठल्याही. हॉटेलच्या सभागृहाला देता त्यापेक्षा कमी पैशात मागची खोली मिळते, आणि आधी सांगितलं तर लँडलेडी साबुदाण्याची खिचडी करायला स्वयंपाकघरही मोकळं करून देते. मी एका चतुर्थीला हे केलं आहे.

तिसरं मागणं मला सर्वांत जवळचं. पब आमच्या हातात आला, तर तो चालवायला आम्हाला जोडपं किंवा कुटुंब हवं आहे. वर राहायला तीन खोल्या आहेत. बिअर कोणाकडून घ्यायची यावर काही बंधन नसेल. आपल्यात हॉटेल चालवलेली, लग्नाच्या पंगती सांभाळलेली, पहाटे चारला उठायची सवय असलेली कितीतरी माणसं आहेत. काम कष्टाचं आहे, डिसेंबरात सुट्टी विसरायची, आणि पहिल्या हिवाळ्यात गल्ला पाहून रडू येईल. पण तळघरातलं काम शिकवायला जुना लँडलॉर्ड तयार आहे, त्याने तसं समितीला लिहून दिलं आहे. जामीनपत्रातल्या त्या विधवेपासून आतापर्यंतची जी नावं मला सापडली, ती आम्ही आतल्या भिंतीवर एका लाकडी फळीवर रंगवून घेतली आहेत. रंगाऱ्याने विचारलं, शेवटच्या नावाखाली किती जागा सोडू? समितीने मोठी सोडायला सांगितली. मराठी आडनावं लांब असतात, असं मीच सांगितलं होतं.

ज्यांना पाहायला यायचं आहे त्यांनी शनिवारी सकाळी या. किल्ली माझ्याकडे असते. शेकोटी पेटवून ठेवीन.

आपली,
समितीतली एक मराठी सभासद